मागाहून सुचलेली कारणं

१७ मार्च २००३ ची रात्र. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये रॉबिन कुक मागच्या बाकांवरून बोलायला उभे राहिले. हे गृहस्थ चार वर्षं ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत सभागृहनेते म्हणून मंत्रिमंडळात बसत होते. आता ते राजीनाम्याची कारणं सांगत होते. नेहमीच्या अर्थाने ज्यांना महासंहारक अस्त्रं म्हणता येईल, ती इराककडे बहुधा नाहीतच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढचा मुद्दा अधिक बिनतोड होता. इराकचं सैन्य इतकं दुबळं आहे की लढाई काही दिवसांत आटोपेल, असं सरकार म्हणतं आणि त्याच श्वासात इराकचा धोका एवढा मोठा आहे की थांबायला वेळ नाही, असंही म्हणतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? कुक खाली बसले तेव्हा सभासदांनी टाळ्या वाजवल्या, काही उभे राहिले. टाळ्या वाजवण्याची पद्धत त्या सभागृहात नाही.

दुसऱ्या दिवशी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी ठराव मांडला. रात्री दहाच्या सुमारास मतदान झालं. ‘युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही’ असं म्हणणारी दुरुस्ती ३९६ विरुद्ध २१७ मतांनी फेटाळली गेली. त्या २१७ मध्ये १३९ जण ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाचे होते. मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. २० मार्चला हल्ला सुरू झाला, ९ एप्रिलला बगदाद पडलं. अस्त्रं सापडली नाहीत.

त्या ४१२ जणांना, आणि अटलांटिकच्या पलीकडे आधीच ‘हो’ म्हणून बसलेल्या अमेरिकी सिनेटर्सना पुढची वीस वर्षं एकच प्रश्न विचारला गेला: तुम्ही मत का दिलंत? त्याची जी उत्तरं आली त्यांचा अभ्यास हा लोकशाहीचा मोठा धडा आहे. उत्तरं बदलत गेली, म्हणून तर तो अधिक मोलाचा. मतदानाच्या दिवशी दिलेलं कारण आणि वर्षभराने दिलेलं कारण यांत फरक पडला की समजावं, दुसरं कारण निर्णयाच्या बचावासाठी आलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक उत्तर तपासायची एक साधी रीत आहे. मत देण्याच्या दिवशी टेबलावर कोणते कागद होते आणि ते कोणी वाचले, एवढं पाहायचं.

सगळ्यात जास्त ऐकू आलेलं उत्तर म्हणजे ‘तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं’. यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. सद्दाम हुसेनने १९८८ मध्ये हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडून सुमारे पाच हजार माणसं मारली होती. १९९० च्या दशकात त्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांशी लपाछपी खेळली, १९९८ मध्ये निरीक्षक देश सोडून गेले, त्यानंतर चार वर्षं आत काय चाललं आहे हे बाहेर कोणाला नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. फ्रान्स आणि जर्मनीच्या गुप्तचरांनाही इराककडे काहीतरी असावं अशी शंका होती.

पण शंका असणं आणि त्या शंकेपोटी देशावर चाल करून जाणं यांत फार मोठं अंतर आहे. तेच कागद वाचून ‘नाही’ म्हणणारे लोकही होते, आणि ते काही कोपऱ्यातले नव्हते. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम हे त्यांतलं ठळक नाव. ऑक्टोबर २००२ च्या सुरुवातीला गुप्तचर संस्थांनी इराकवर सुमारे नव्वद पानांचा गोपनीय अंदाज तयार केला. तोही समितीतल्या काही सदस्यांनी मागणी केली म्हणून, अवघ्या तीन आठवड्यांत. युद्धाची भाषा सुरू झाली तोवर असा एकत्रित अहवाल कोणी मागितलाच नव्हता. त्या नव्वद पानांत असहमतीच्या नोंदी होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या नळ्या अणुबॉम्बसाठी घेतल्या आहेत असं सांगितलं जात होतं, त्या त्यासाठी नाहीत असं ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचं मत होतं. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही अणुकार्यक्रमाबद्दल वेगळा सूर लावला होता. जनतेसाठी मात्र पंचवीस पानांची पुस्तिका निघाली आणि तिच्यातून बहुतेक ‘बहुधा’ आणि ‘आमच्या मते’ गळून पडले. ग्रॅहम यांनी दोन्ही वाचलं आणि विरोधात मत दिलं. मोठा अहवाल सिनेटर्ससाठी एका सुरक्षित खोलीत ठेवलेला होता. तिथे जाऊन तो पूर्ण वाचणारे शंभरांपैकी मोजकेच निघाले, असं पुढे उघड झालं. सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी तो वाचला नव्हता, अधिकाऱ्यांकडून माहिती घेतली होती. मत देण्याआधी नव्वद पानं वाचायला एक रात्र लागली असती. लाखो माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना ती एक रात्र न देणं हा मोठा दोष आहे, आणि ‘सगळ्यांनाच वाटत होतं’ या वाक्याने तो झाकला जात नाही.

ब्रिटनमध्ये कुक यांच्याकडे कुठली वेगळी गुप्त वही नव्हती. मंत्री म्हणून इतरांना मिळाली तीच माहिती त्यांना मिळाली होती. त्यांनी ती पारखून घेतली, एवढाच फरक.

शिवाय २००३ च्या मार्चपर्यंत आधीची माहिती शिळी झाली होती. हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखालचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ मध्ये इराकला परतले होते. त्यांनी शेकडो तपासण्या केल्या, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब जाणारी अल-समूद क्षेपणास्त्रं त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली जात होती. ७ मार्चला ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की उरलेलं काम पुरं व्हायला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, काही महिने लागतील. त्याच बैठकीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सांगितलं की इराकने नायजरकडून युरेनियम घेण्याचा घाट घातला असं दाखवणारी कागदपत्रं बनावट आहेत. हे सगळं उघड झालं होतं, वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. अकरा दिवसांनी कॉमन्समध्ये मतदान झालं.

अमेरिकेत आणखी एक उत्तर पुढे आलं, आणि वकिली डोक्याच्या राजकारण्यांना ते विशेष आवडलं: आम्ही युद्धाला मत दिलं नाही, राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला. धमकीत वजन असेल तरच सद्दाम निरीक्षकांना आत घेईल, म्हणून आम्ही त्यांचे हात बळकट केले. त्यांनी तो अधिकार घाईने वापरला ही त्यांची चूक. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ च्या भाषणात हे मत म्हणजे आयुष्यातला अतिशय कठीण निर्णय आहे असं सांगितलं होतं आणि आपलं मत एकतर्फी युद्धासाठी नाही असंही बजावलं होतं. सिनेटर जॉन केरी यांची भूमिकाही साधारण हीच होती.

मात्र या ठरावाचं नावच इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव असं होतं. प्रतिनिधिगृहात तो २९६ विरुद्ध १३३ मतांनी आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. बळाचा वापर केव्हा करायचा हे ठरवण्याचं काम त्याने जॉर्ज बुश यांच्यावर सोडलं होतं. यापेक्षा बोलकी गोष्ट दुसरी आहे. मिशिगनचे सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी त्याच वेळी एक पर्यायी मसुदा मांडला होता. आधी सुरक्षा परिषदेची परवानगी घ्या, ती नाही मिळाली तर पुन्हा काँग्रेसकडे या, असं त्यात होतं. ज्यांना फक्त धमकीला वजन द्यायचं होतं, त्यांच्यासाठी हा मसुदा जणू बेतून शिवलेला होता. तो ७५ विरुद्ध २४ मतांनी पडला. क्लिंटन यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. अमेरिकेचा निर्णय सुरक्षा परिषदेच्या हाती सोपवायचा नव्हता, असं कारण त्यांनी पुढे दिलं. ते कारण प्रामाणिक असेलही, पण मग ‘आम्हाला राजनैतिक मार्गच हवा होता’ या म्हणण्याचा आधार सुटतो. निवडणुका ५ नोव्हेंबरला होत्या, मतदान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. १९९१ च्या आखाती युद्धाला विरोध करून तोंडघशी पडलेले डेमोक्रॅट नेते सगळ्यांच्या आठवणीत होते, खुद्द केरी त्यांच्यातले एक. मतदारांसमोर पुन्हा तोंडघशी पडण्याच्या या भीतीचा उल्लेख त्यांच्या समर्थनात क्वचितच सापडतो.

सद्दामच्या क्रौर्याचं कारण मात्र झटकून टाकता येत नाही, आणि ते मांडणाऱ्या सगळ्यांना एका माळेत ओवणं अन्यायाचं होईल. वेल्समधल्या मजूर पक्षाच्या खासदार अ‍ॅन क्लूइड या १९८० च्या दशकापासून कुर्दांसाठी आवाज उठवत होत्या. तेव्हा पाश्चात्त्य सरकारं इराकशी गोडीगुलाबीने वागत होती. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे दूत म्हणून डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करून आले होते. क्लूइड यांनी २००३ मध्ये युद्धाला पाठिंबा दिला तो वीस वर्षांच्या तळमळीतून. त्यांच्याशी असहमत होता येतं, त्यांच्यावर सोयीस्कर विसराचा आरोप करता येत नाही.

ब्लेअर यांची गोष्ट वेगळी. अस्त्रं सापडत नाहीत हे जसजसं स्पष्ट होत गेलं तसतसं त्यांच्या बोलण्यात सद्दामची राजवट पुढे येत गेली. २००४ च्या पक्षाच्या अधिवेशनात ते म्हणाले की माहिती चुकीची निघाली याबद्दल माफी मागू शकतो, सद्दामला हटवल्याबद्दल मनापासून मागू शकत नाही. २००९ मध्ये एका मुलाखतीत, अस्त्रं नाहीत हे कळलं असतं तरी त्याला हटवणं योग्यच वाटलं असतं, मात्र युक्तिवाद वेगळे करावे लागले असते, असं त्यांनी सांगितलं. आता मतदानाच्या आधीचे शब्द पाहू. १८ मार्चच्या ठरावात सैन्य वापरण्याचा हेतू स्वच्छ लिहिला होता: इराकची महासंहारक अस्त्रं नष्ट करणं. त्याआधी, २५ फेब्रुवारीला, याच सभागृहात ब्लेअर म्हणाले होते की मला त्याच्या राजवटीची घृणा आहे, तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या मागण्या पुऱ्या केल्या तर ती राजवट तो आजही वाचवू शकतो.

म्हणजे फेब्रुवारीत जी राजवट टिकू द्यायला पंतप्रधान तयार होते, ती उलथणं हेच पुढे युद्धाचं नैतिक कारण झालं. खासदारांनी ज्या वाक्याला मत दिलं त्यात ते कारण नव्हतंच. ते असतं तर चर्चा निराळी झाली असती. राजवट पाडल्यावर देश कोण चालवणार, शिया आणि सुन्नी यांच्यातलं वैर कोण आवरणार, इराकी सैन्य बरखास्त केलं तर हाती बंदुका असलेले बेकार तरुण कुठे जातील, हे प्रश्न मुख्य झाले असते. ते प्रश्न विचारलेच गेले नाहीत असं नाही, पण ‘अस्त्रं’ या एका शब्दाने त्यांना बाजूला सारलं. त्याची किंमत इराकी लोकांनी मोजली. मारल्या गेलेल्या नागरिकांच्या नोंदवलेल्या संख्येनेच एक लाखाचा आकडा केव्हाच ओलांडला. ब्रिटनचे १७९ सैनिक आणि कर्मचारी गेले, अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार.

काहींनी खापर दुसऱ्यांच्या माथी फोडलं. सुरक्षा परिषदेत युद्धाला स्पष्ट परवानगी देणारा दुसरा ठराव का आणला नाही, तर म्हणे फ्रान्सने कुठल्याही परिस्थितीत नकाराधिकार वापरू असं जाहीर केलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी १० मार्चला दूरचित्रवाणीवर तसं म्हटलं होतं खरं. पण त्याच वाक्यात त्यांनी ‘आज संध्याकाळी’ युद्धाचं कारण दिसत नाही असंही म्हटलं होतं. लंडनमध्ये वाक्याचा पहिला अर्धा भागच गाजत राहिला.

कायद्याचा आडोसा याहून नाजूक होता. अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधानांना तेरा पानांचा सल्ला दिला. त्यात किंतु-परंतु भरपूर होते, दुसरा ठराव घेणं हाच सुरक्षित मार्ग आहे असं होतं. दहा दिवसांनी संसदेपुढे त्यांचं उत्तर आलं ते एका पानात मावणारं आणि निःशंक. खासदारांनी हे छोटं उत्तर वाचून मत दिलं. तेरा पानं जनतेला पाहायला मिळाली ती एप्रिल २००५ मध्ये. परराष्ट्र खात्याच्या विधी उपसल्लागार एलिझाबेथ विल्मशर्स्ट यांनी मात्र युद्ध बेकायदा आहे असं सांगून त्याच आठवड्यात नोकरी सोडली. ‘कायदेशीर सल्ला अनुकूल होता’ असं सांगणाऱ्या खासदाराबद्दल थोडी सहानुभूती वाटते, कारण त्याच्यापुढे अर्धाच कागद ठेवला गेला. मात्र पूर्ण कागद मागण्याचा अधिकार त्याच्याकडे होता.

याच काळात भारतीय संसदेत वाद चालला तो एका शब्दावर. एप्रिल २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याविषयी ठराव करायचा होता. मुंबईचे मनोहर जोशी तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते. विरोधकांना कडक इंग्रजी शब्द हवा होता, वाजपेयी सरकारला सौम्य. अखेर हिंदीतला ‘निंदा’ हा शब्द दोघांनाही चालला. त्याचं इंग्रजी भाषांतर सरकारने आपल्या सोयीने सौम्य केलं. मराठी माणसाला ‘निंदा’ या शब्दाचं वजन समजावून सांगायला नको. ठराव एकमताने झाला. अमेरिकेने मग एक पूर्ण डिव्हिजन सैन्य मागितलं. सरकारमध्ये आणि लष्करात पाठवण्याच्या बाजूचे लोक होते, मोबदल्यात काय पदरात पडेल याचे हिशेब मांडले जात होते. १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नकार दिला: संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू. शब्दाची ओढाताण तेव्हा अनेकांना पोकळ वाटली होती. पण संसदेने एकमुखाने ज्याची निंदा केली, त्यात तीन महिन्यांनी सैन्य घालणं कोणत्याही सरकारला अवघड गेलं असतं.

‘माझा हेतू शुद्ध होता’ हे शेवटचं आणि सगळ्यात चिवट उत्तर. ब्रिटनमध्ये सर जॉन चिल्कॉट यांच्या इराक युद्ध चौकशी समितीने सात वर्षं काम करून ६ जुलै २०१६ ला अहवाल दिला. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. शांततेचे मार्ग संपलेले नसताना ब्रिटनने युद्ध पत्करलं, अस्त्रांबद्दलचे अंदाज त्यांना झेपणार नाही इतक्या खात्रीने मांडले गेले, नंतरच्या काळाची तयारी साफ अपुरी होती, असे निष्कर्ष समितीने काढले. जुलै २००२ मध्येच ब्लेअर यांनी बुश यांना पाठवलेली चिठ्ठीही अहवालात होती. काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन, अशी तिची सुरुवात होती. संसदेतल्या मतदानाच्या आठ महिने आधीची ही चिठ्ठी.

अहवाल आला त्या दुपारी ब्लेअर सुमारे दोन तास पत्रकारांपुढे बोलले. आवाज घोगरा झाला होता. लोकांना कधी कळणार नाही इतकं दुःख आणि खेद आपल्याला आहे असं ते म्हणाले, आणि तीच माहिती समोर असती तर पुन्हा तोच निर्णय घेतला असता असंही. त्यांचं दुःख खोटं होतं असं म्हणायला काही आधार नाही. पण हेतूची शुद्धता हा माणूस पारखण्याचा निकष आहे. निर्णय पारखताना विचारायचं असतं ते हे की शंका कोणी दाबली, विरोधी नोंद कोणाच्या टेबलावरून खाली सरकली, ‘बहुधा’ हा शब्द कोणी खोडला. ज्याला मनापासून खात्री वाटते तो या चुका अधिक सहज करतो, कारण विरोधी पुरावा त्याला अडथळ्यासारखा भासतो.

चूक कबूल करणारेही निघाले, प्रत्येक जण आपापल्या वेळी. ठरावाला मत दिलेले माजी सिनेटर जॉन एडवर्ड्स यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून आपलं चुकलं असं सांगितलं. क्लिंटन यांनी २००८ ची उमेदवारी हातची जाईपर्यंत तो शब्द टाळला आणि २०१४ मध्ये आत्मचरित्रात लिहिला. तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराककडे अस्त्रं असल्याचं सांगणारं सुरक्षा परिषदेतलं आपलं भाषण हा कारकिर्दीवरचा डाग मानला. त्या भाषणातल्या जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची गोष्ट ज्या इराकी खबऱ्याकडून आली होती, त्याने २०११ मध्ये ती रचलेली होती हे मान्य केलं. ब्लेअर यांचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी चिल्कॉट अहवालानंतर युद्ध बेकायदा होतं असं लिहिलं.

नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी वॉल्टर जोन्स यांचा मार्ग मात्र कोणाशीच जुळत नाही. मार्च २००३ मध्ये फ्रान्सवरच्या रागापोटी संसदेच्या उपाहारगृहातल्या ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ करायला लावणाऱ्या दोघांपैकी ते एक. पुढच्याच महिन्यात ते आपल्या मतदारसंघातल्या कॅम्प लज्यून या मरीन तळावर एका तरुण सैनिकाच्या अंत्यविधीला गेले. त्याच्या पत्नीने तिथे त्याचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. जोन्स घरी परतताना गाडीत रडले. मग त्यांनी मागचे कागद मागवून वाचायला सुरुवात केली, अधिकाऱ्यांना, माजी गुप्तचरांना प्रश्न विचारले. २००५ मध्ये सैन्य परत आणण्याचं वेळापत्रक मागणाऱ्या विधेयकावर त्यांनी विरोधी पक्षाच्या सदस्यांबरोबर सही केली. पक्षाने पुढे महत्त्वाची पदं नाकारली, प्राथमिक फेऱ्यांत त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभे राहिले, तरी मतदार त्यांना निवडून देत राहिले.

त्या अंत्यविधीनंतर इराक आणि अफगाणिस्तानात मेलेल्या सैनिकांच्या नातेवाइकांना ते पत्रं लिहू लागले. हे आपल्या मताचं प्रायश्चित्त आहे असं ते सांगत. कॅम्प लज्यूनहून गेलेल्या मृत सैनिकांचे फोटो त्यांनी कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लावले होते, आत येणाऱ्याला त्यांच्यासमोरूनच यावं लागे. फेब्रुवारी २०१९ मध्ये जोन्स वारले. तोवर त्यांनी सह्या केलेल्या पत्रांची संख्या १२ हजारांच्या आसपास पोचली होती.